राजीनामा द्या, खटला थांबवतो : खासदार रॉबर्ट स्मॉल्स यांच्यापुढचा 1877 चा पेच

प्रकरण थोडक्यात

ऑक्टोबर 1877 मध्ये अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायना राज्यात रॉबर्ट स्मॉल्स या खासदाराला अटक झाली. आरोप जुना होता. राज्याच्या सिनेटमध्ये आमदार असताना, छपाई समितीचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी 5,000 डॉलरची लाच घेतली, असं सरकारी पक्षाचं म्हणणं होतं. त्याच काळात त्यांच्यापर्यंत एक निरोपही पोहोचवण्यात आला: काँग्रेसमधली, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय संसदेतली, जागा सोडा, खटला पुढे जाणार नाही.

स्मॉल्स यांचं वय तेव्हा 38 होतं. गुलाम म्हणून जन्म, यादवी युद्धात केंद्राच्या बाजूने बोटीचा कप्तान, मग राज्यघटना समितीचे सदस्य, आमदार, राज्य मिलिशियाचे (राज्याच्या नागरी सैन्याचे) मेजर जनरल आणि खासदार, असा त्यांचा प्रवास झाला होता. त्यांनी तो निरोप फेटाळला. ते दोषी ठरले, सक्तमजुरीची शिक्षा झाली आणि दीड वर्षाने माफी मिळाली. ही माफी कशाच्या बदल्यात मिळाली ते पाहिलं की प्रकरण अवघड होतं. म्हणूनच ते सविस्तर मांडावंसं वाटलं. स्मॉल्स यांच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण बोटीच्या थरारापाशीच थांबतात. त्यांची खरी कसोटी त्यानंतरच्या पंधरा वर्षांत लागली.

पार्श्वभूमी : बोट आणि वर्दी

स्मॉल्स यांचा जन्म 5 एप्रिल 1839 चा, दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या ब्यूफर्ट गावातला. आई लिडिया ही मॅकी कुटुंबाच्या घरात गुलाम होती. बाराव्या वर्षी मालकाने मुलाला चार्ल्सटनला कामाला लावलं. मजुरी मालकाच्या खिशात जायची आणि मुलाच्या हातात आठवड्याला एक डॉलर पडायचा. हॉटेलात काम, रस्त्यावरचे दिवे लावणं, मग गोदी असं करत करत ते बोटीच्या सुकाणूपर्यंत पोहोचले. त्या किनाऱ्यावरची प्रत्येक खाडी आणि प्रत्येक उथळ जागा त्यांना पाठ होती. तरी गुलामाला ‘पायलट’ म्हणायची पद्धत नव्हती, म्हणून त्यांना नुसतं ‘चाकवाला’ म्हणत. 1856 मध्ये हॅना जोन्सशी लग्न झालं. तीही गुलामच. बायको आणि मुलगी विकत घेऊन सोडवायची तर मालकाची मागणी 800 डॉलरची होती, आणि साठले होते 100.

युद्ध सुरू झाल्यावर ‘प्लँटर’ ही कापूस वाहणारी आगबोट दक्षिणेच्या बंडखोर सैन्याने ताब्यात घेतली, आणि स्मॉल्स तिच्यावर सुकाणू धरू लागले. 12 मे 1862 च्या रात्री बोटीवरचे तिन्ही गोरे अधिकारी नियम मोडून किनाऱ्यावर झोपायला गेले. पहाटे तीनच्या सुमारास स्मॉल्स आणि त्यांच्या गुलाम साथीदारांनी बाष्पक पेटवला, दुसऱ्या धक्क्यावरून बायकामुलांना घेतलं आणि बंदराबाहेरची वाट धरली. स्मॉल्स यांनी कप्तानाची गवती टोपी घातली होती आणि ते कप्तानासारखेच कठड्याला टेकून उभे होते. वाटेत पाच किल्ले-ठाणी लागली. प्रत्येक ठिकाणी त्यांनी शिट्टीचा बरोबर इशारा दिला. शेवटचा फोर्ट सम्टर मागे पडल्यावर बंडखोरांचा झेंडा उतरवून एक पांढरी चादर वर चढवली आणि बोट केंद्राच्या नौदलाच्या हवाली केली. बोटीवर स्वतःच्या तोफांखेरीज दुसरीकडे पोचवायच्या चार तोफा होत्या. सांकेतिक इशाऱ्यांचं पुस्तकही होतं. याहून मोलाची होती ती स्मॉल्स यांच्या डोक्यातली माहिती: कुठली ठाणी बंडखोरांनी सोडली आहेत, सुरुंग कुठे आहेत.

काँग्रेसने बक्षिसाचा कायदा केला, आणि स्मॉल्स यांच्या वाट्याला 1,500 डॉलर आले. त्याच उन्हाळ्यात ते वॉशिंग्टनला गेले आणि कृष्णवर्णीयांना सैन्यात घ्यावं म्हणून युद्धमंत्री स्टँटन यांना भेटले. ऑगस्टच्या अखेरीस स्टँटन यांनी दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर 5,000 पर्यंत कृष्णवर्णीय भरती करण्याची परवानगी दिली. एप्रिल 1863 मध्ये चार्ल्सटनवरच्या हल्ल्यात स्मॉल्स ‘किओकक’ या चिलखती जहाजाचे पायलट होते. त्या जहाजाला नव्वदहून अधिक गोळे लागले आणि दुसऱ्या दिवशी ते बुडालं. डिसेंबरमध्ये ‘प्लँटर’वर मारा सुरू झाला. गोरा कप्तान घाबरून कोळशाच्या कोठीत लपला, आणि बोट स्मॉल्स यांनी बाहेर काढली. त्यानंतर तिचं कप्तानपद त्यांच्याकडेच आलं.

एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवतो, पुढे ती लागणार आहे. काम कप्तानाचं, पगारही कप्तानाचा, पण रीतसर कमिशनचा, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणुकीचा, कागद त्यांना कधी मिळालाच नाही.

आमदारकीची वर्षं

1868 च्या जानेवारीत चार्ल्सटनमध्ये राज्याची नवी घटना लिहायला 124 प्रतिनिधी बसले. त्यातले बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, कारण राज्याच्या लोकसंख्येत तेच जवळपास साठ टक्के होते. ब्यूफर्टचे प्रतिनिधी म्हणून आलेल्या स्मॉल्स यांनी सर्व वर्गांसाठी मोफत सार्वजनिक शाळांचा ठराव मांडला. चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत त्यांना स्वतःला लिहितावाचता येत नव्हतं. गुलामाला अक्षरओळख करून देणं त्या राज्यात गुन्हाच होता. युद्धाच्या काळात फिलाडेल्फियात मुक्काम पडला तेव्हा त्यांनी शिक्षक लावून अक्षरं शिकून घेतली. नव्या घटनेत शाळांची तरतूद आली. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, तिच्या चौदा वर्षं आधीची ही गोष्ट.

1868 मध्ये ते राज्याच्या कनिष्ठ सभागृहात निवडून आले. 1870 मध्ये सिनेटर जोनाथन जॅस्पर राइट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर गेले आणि त्यांच्या रिकाम्या जागी स्मॉल्स सिनेटमध्ये आले. मिलिशियातही ते पायरी-पायरीने मेजर जनरल झाले. 1873 मध्ये फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्या वर्षी असा एक मुक्त झालेला माणूस राज्याच्या राजधानीत, कोलंबियाच्या विधिमंडळात बसून कायदे करत होता. पुढचा सगळा वाद याच सिनेटमधल्या कारभाराबद्दल आहे. तेव्हा सरकारी छपाईचा खर्च बेसुमार फुगला होता, ही गोष्ट खोटी नव्हती. सिनेटचा कारकूनच छपाई कंपनीत भागीदार होता.

1875 मध्ये स्मॉल्स काँग्रेसमध्ये गेले.

समस्या : फौजा गेल्या

8 जुलै 1876 रोजी हॅम्बर्ग या गावात गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने कृष्णवर्णीय मिलिशियाला घेरलं. एक गोरा आणि सहा कृष्णवर्णीय मेले, आणि त्यातल्या बहुतेकांना पकडल्यानंतर थंडपणे मारण्यात आलं होतं. काही दिवसांत काँग्रेसमध्ये केंद्राच्या फौजा टेक्सासच्या सरहद्दीवर हलवण्याचं विधेयक आलं. स्मॉल्स यांनी दुरुस्ती सुचवली की दक्षिण कॅरोलायनात शांतता धोक्यात आहे तोवर तिथून फौज काढू नये. हॅम्बर्गच्या एका साक्षीदाराचं पत्रही त्यांनी वाचून दाखवलं. लेखकाचं नाव सांगा अशी समोरून मागणी झाली. आणखी एका कृष्णवर्णीयाचा जीव घ्यायला ते नाव हवं असेल तर माझ्याकडून मिळणार नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. दुरुस्ती पडली.

त्याच वर्षी कोंबाही नदीकाठच्या भातशेतीवर मजुरांनी संप केला. मजुरी रोखीत न देता मळेवाल्याच्याच दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्यांमध्ये दिली जात होती, हे त्यांचं गाऱ्हाणं होतं. गव्हर्नरांनी स्मॉल्स यांना पाठवलं. मिलिशियाचा जनरल असूनही त्यांनी बंदुका पुढे केल्या नाहीत. मजुरांशी बोलून मार्ग काढला आणि रक्त सांडलं नाही. शिपाईगिरी आणि आमदारकी एकाच माणसात नांदली की काय होऊ शकतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला त्यांच्या चरित्रात दिसत नाही.

1876 ची निवडणूक दहशतीत पार पडली. बंडखोर सैन्याचे माजी जनरल वेड हॅम्प्टन गव्हर्नरपदावर दावा सांगू लागले. एप्रिल 1877 मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष हेज यांनी कोलंबियातल्या राज्य सभागृहाभोवतीची केंद्राची फौज मागे घेतली आणि सत्ता हॅम्प्टन यांच्याकडे गेली. नव्या सत्ताधाऱ्यांनी मागच्या सरकारच्या गैरव्यवहारांची चौकशी समिती नेमली. छपाई प्रकरणातला सिनेटचा कारकून जोसेफस वुड्रफ आधी राज्याबाहेर पळाला होता. स्वतःवर कारवाई होणार नाही या हमीवर तो परतला आणि सरकारी साक्षीदार झाला.

पर्याय कोणते होते

पहिला पर्याय राजीनाम्याचा. हा त्या वर्षी अनेकांनी पत्करला. न्यायमूर्ती राइट यांनी महाभियोगाच्या दडपणाखाली 1877 मध्येच न्यायालय सोडलं. स्मॉल्स यांच्यापुढेही तेच दार उघडं ठेवलं होतं. तुरुंग टळला असता, घर-मालमत्ता शाबूत राहिली असती. पण ब्यूफर्टची जागा लगेच विरोधकांकडे गेली असती, आणि आरोप खरा होता म्हणूनच माणूस पळाला असंही म्हटलं गेलं असतं.

दुसरा पर्याय राज्य सोडण्याचा. सत्ता गमावलेले गव्हर्नर चेंबरलेन न्यूयॉर्कला निघून गेले. स्मॉल्स यांना उत्तरेत ओळखणारे लोक होते आणि नावही होतं. पण ब्यूफर्टमध्ये त्यांचं घर होतं, आणि तेही साधंसुधं नव्हे. ज्या मॅकी घराच्या मागच्या झोपडीत ते जन्मले, तेच घर त्यांनी युद्धकाळात कराच्या लिलावात विकत घेतलं होतं. त्या खरेदीवरही खटला चालू होता. 1878 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

तिसरा पर्याय, खटला केंद्राच्या न्यायालयात हलवून घेण्याचा. राज्यातल्या न्यायालयांची हवा पाहता हा मार्ग सरळ होता, पण राज्य सरकार सहजासहजी खटला सोडणार नव्हतं.

उरला चौथा: जागा न सोडता राज्याच्याच न्यायालयात उभं राहणं.

निर्णय आणि कृती

स्मॉल्स यांनी पुढे स्वतः सांगितलं त्यावरून, लोकांनी दिलेलं पद सोडण्यापेक्षा तुरुंगात जाणं पत्करीन, असं त्यांनी निरोप आणणाऱ्यांना सुनावलं. या निर्णयामागे नुसती जिद्द होती असं मला वाटत नाही. त्यात हिशेबही होता. ब्यूफर्टमध्ये कृष्णवर्णीय मतदार प्रचंड बहुमतात होते, आणि त्या एका कोपऱ्यात त्यांची राजकीय ताकद टिकून होती. पुढारी स्वतःहून हटला असता तर ती विखुरली असती.

नोव्हेंबर 1877 मध्ये कोलंबियात खटला चालला. राज्याचे माजी कोषाध्यक्ष फ्रान्सिस कार्डोझो यांच्यावरचा खटलाही त्याच सुमारास चालला. सरकारी पक्षाची भिस्त वुड्रफच्या साक्षीवर आणि स्मॉल्स यांच्या बँक खात्यातल्या एका नोंदीवर होती. स्मॉल्स दोषी ठरले आणि तीन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. तीन दिवस तुरुंगात काढल्यावर अपिलासाठी जामीन मिळाला आणि ते काँग्रेसमधल्या कामावर परतले.

पैसे खरंच घेतले होते का? अभ्यासकांचं यावर एकमत नाही. मुख्य साक्षीदार स्वतः त्या व्यवहारात बुडालेला होता आणि बोलण्याच्या बदल्यात त्याची सुटका झाली होती. सरकारी पक्षाला खरोखर भ्रष्टाचाराचीच चीड असती तर राजीनाम्यावर खटला सोडायची तयारी त्याने दाखवली नसती. या एका गोष्टीने सरकारचा हेतू उघडा पडतो. पण स्मॉल्स निर्दोष होते की नाही, हे त्यावरून सिद्ध होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

जामिनावर असतानाच 1878 ची निवडणूक आली. गिलिसनव्हिल इथल्या सभेवर लाल सदऱ्यातले शेकडो गोरे घोडेस्वार चालून आले. स्मॉल्स आणि साथीदारांनी एका दुकानात आसरा घेऊन दार अडवलं. बातमी पसरली तसे आसपासचे कृष्णवर्णीय गावकरी हाती लागेल ते घेऊन धावत आले, तेव्हा घोडेस्वार पांगले. निवडणूक मात्र स्मॉल्स हरले.

परिणाम

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. मग एप्रिल 1879 मध्ये गव्हर्नर सिम्प्सन यांनी माफी दिली. हा सौदा होता. केंद्र सरकारने दक्षिण कॅरोलायनातल्या गोऱ्यांवरचे निवडणूक कायदे मोडल्याचे खटले मागे घ्यायचे आणि राज्याने स्मॉल्स यांच्यासह काहींना मोकळं करायचं, असं वरच्या पातळीवर ठरलं.

प्रकरणातला सगळ्यात दुखरा भाग हाच आहे. 1877 मध्ये त्यांनी आपल्या मतदारांची जागा सौद्यात द्यायला नकार दिला. दोन वर्षांनी त्यांच्या सुटकेच्या बदल्यात ज्यांच्यावरचे खटले सुटले, ते त्याच मतदारांना मतपेटीपासून हुसकावणाऱ्यांच्या बाजूचे लोक होते. हा सौदा करणाऱ्यांत स्मॉल्स नव्हते, पण त्यांच्याच नावावर तो झाला.

जागा लढवत राहण्याचा निर्णय काही अंशी फळला. 1882 मध्ये वादग्रस्त निकालाची फेरतपासणी होऊन, आणि 1884 मध्ये रिकाम्या जागेवर, ते पुन्हा काँग्रेसमध्ये पोहोचले. 1886 मध्ये ते हरले. नंतर ब्यूफर्ट बंदरावर सीमाशुल्क अधिकारी झाले आणि मधला थोडा काळ सोडता बरीच वर्षं त्या पदावर राहिले.

1895 मध्ये राज्याची घटना पुन्हा लिहायची वेळ आली, आणि उद्देश उघड होता: कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेणं. 160 प्रतिनिधींमध्ये कृष्णवर्णीय फक्त सहा, आणि त्यातले पाच ब्यूफर्टचे. 1877 मध्ये न विखुरलेल्या त्या कोपऱ्याचं हे फळ, असं मी मानतो. मिश्र विवाहांवर बंदी घालणारं कलम आलं तेव्हा स्मॉल्स यांनी दुरुस्ती मांडली की कृष्णवर्णीय स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या गोऱ्या पुरुषालाही सरकारी पदासाठी अपात्र ठरवा. सभागृहात खळबळ माजली. मताधिकारावर बोलताना त्यांनी मागितलं ते एवढंच की आयुष्याच्या लढाईत आमच्या लोकांना बरोबरीची संधी द्या. घटना मंजूर झाली: घटनेचं कलम वाचून दाखवणं किंवा 300 डॉलरची करपात्र मालमत्ता, अशा अटी मतदाराला लागल्या. स्मॉल्स यांनी तिच्यावर सही केली नाही. सार्वजनिक शाळांची तरतूद राहिली, पण गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या असतील असं तिच्यात लिहिलं गेलं.

स्मॉल्स 23 फेब्रुवारी 1915 रोजी ब्यूफर्टमध्ये, त्याच घरात वारले.

वेगळं काय करता आलं असतं

छपाईच्या कारभारापासून सुरुवात करावी लागते. ज्या कंपनीला सरकारी काम जातं तिच्यात सभागृहाचा कारकून भागीदार आहे, ही गोष्ट समितीच्या अध्यक्षाला खटकायला हवी होती. स्मॉल्स यांनी लाच घेतली नसेल, तरी तो कारभार त्यांच्या समितीखाली चालला. बहुमत हातात असतानाच स्मॉल्स यांच्या रिपब्लिकन पक्षाने आपलं घर झाडलं असतं, चौकशी समिती स्वतः नेमली असती, हिशेब खुले केले असते, तर 1877 मध्ये विरोधकांच्या हाती इतकं तयार हत्यार लागलं नसतं. नव्याने सत्तेत आलेल्या वंचित गटाच्या कारभाराकडे सगळे भिंग घेऊन पाहतात. हा अन्यायच आहे, पण तो गृहीत धरूनच चालावं लागतं.

संरक्षणाचा प्रश्न याहून अवघड. राज्यातली सत्ता केंद्राच्या फौजेवर टेकलेली होती आणि ती फौज एका राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवर होती. स्मॉल्स यांना हे 1876 मध्येच दिसलं होतं, त्यांची दुरुस्ती त्याची साक्ष आहे. त्यांच्या हाती याहून जास्त काही होतं असं वाटत नाही. चूक वॉशिंग्टनची होती.

1879 च्या माफीबद्दल मी बराच विचार केला. ती नाकारून त्यांनी तुरुंग पत्करायला हवा होता का? बायकामुलांच्या माणसाकडून, तेही खटले आधीच सुटल्यावर, अशी अपेक्षा करणं मला न्याय्य वाटत नाही. पण सौदा जाहीर करता आला असता. कुठले खटले कशाच्या बदल्यात सुटले याची यादी त्यांनी मतदारांपुढे ठेवायला हवी होती. निदान हिशेब लोकांसमोर राहिला असता.

आणि तो कमिशनचा कागद. युद्धानंतर निवृत्तिवेतनाचा प्रश्न आला तेव्हा, तुम्ही रीतसर सैन्यात नव्हताच, असं उत्तर मिळालं. कप्तानाच्या दर्जाचं महिना 30 डॉलरचं निवृत्तिवेतन मिळायला 1897 साल उजाडलं, तेही काँग्रेसच्या खास कायद्याने. बोटीच्या बक्षिसाची उरलेली रक्कम 1900 मध्ये मंजूर झाली. 1863 मध्ये, कप्तानपद देतानाच, नौदलाने आणि लष्कराने त्यांच्या नावाने एक ओळ लिहून दिली असती तर हे चौतीस वर्षांचं हेलपाटं टळलं असतं. लष्कराने 2004 मध्ये एका जहाजाला मेजर जनरल रॉबर्ट स्मॉल्स यांचं नाव दिलं, आणि नौदलाने 2023 मध्ये ‘चान्सलर्सव्हिल’ या क्षेपणास्त्रवाहू युद्धनौकेचं नाव बदलून ‘रॉबर्ट स्मॉल्स’ केलं. चान्सलर्सव्हिल ही बंडखोर सैन्याने जिंकलेली लढाई होती.